जिवंत पावडर आणि सोलापूरचा उन्हाळा

मागच्या मे महिन्यात प्रयोगशाळेतील कपाट आवरताना वरच्या खणात एक काचेची कुपी सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात ‘डाळिंब-साल, यीस्ट, वाळवलेले’ असे लिहिले होते. ही कुपी फ्रिजमध्ये असायला हवी होती. जानेवारीतील परीक्षांच्या गडबडीत ती कपाटात गेली आणि चार महिने तिथेच राहिली. पत्र्याच्या छपराखालची आमची ती खोली उन्हाळ्यात दुपारी किती तापते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. मी चिमूटभर पावडर कोमट पाण्यात भिजवली, काचपट्टीवर तिचा थेंब घेतला, त्यात मिथिलीन ब्लूचा थेंब मिसळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जिवंत यीस्टची पेशी हा निळा रंग आत शिरला तरी त्याला रंगहीन करून टाकते, तर मेलेल्या पेशीत ती ताकद नसल्यामुळे ती निळीच राहते. माझ्या नजरेच्या टप्प्यात आलेली जवळजवळ प्रत्येक पेशी निळी होती. जानेवारीत याच पावडरीने डाळिंबाच्या टोचलेल्या जागी हिरवी बुरशी येऊ दिली नव्हती. मे महिन्यात तिचा रंग तोच होता, वास तोच होता, आणि तिच्यात आता पिठापेक्षा अधिक काही उरले नव्हते.

काढणीनंतरच्या फळकुजीवर यीस्ट वापरण्याचा विषय मी वर्गात अनेक वर्षे शिकवत आले आहे, आणि प्रत्येक वेळी सुरुवात ‘कोणते यीस्ट कोणत्या बुरशीला रोखते’ या तक्त्यापासून करत आले आहे. त्या कुपीनंतर मात्र मी हा विषय उलट्या टोकाकडून शिकवू लागले. यीस्ट बुरशीला रोखते, हे जगभरात पुष्कळ वेळा दाखवून झाले आहे. आमच्याकडे खरा प्रश्न आहे तो ते शेतकऱ्याच्या टाकीत पडेपर्यंत जिवंत राहते का, हा.

या सगळ्याची सुरुवात घरातूनच झाली. माझ्या धाकट्या दिरांची सांगोला तालुक्यात ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाची बाग आहे. सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाची चर्चा निघाली की ती तेल्या आणि मर रोग यांच्यापाशीच थांबते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण तेल्याने बागा काढून टाकायची वेळ आलेली माणसे आमच्या नात्यातच आहेत. सोलापूरजवळच्या केगावला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले तेव्हाही लोकांच्या तोंडी पहिला प्रश्न रोगांचाच होता. त्यामुळे फळ झाडावरून उतरले की आपली लढाई संपली, असे बागायतदाराला वाटते. प्रत्यक्षात फळाची दुसरी लढाई तिथे सुरू होते. डाळिंबाच्या झाडाला काटे असतात, वाऱ्याने फळ त्यांच्यावर घासते. काढणीच्या वेळी देठ जरा लांब राहिला तर तो क्रेटमधल्या शेजारच्या फळात रुततो. क्रेट आदळला की सालीवर डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. मग तो माल आडतीत, पॅकहाऊसमध्ये, ट्रकमध्ये किंवा रेल्वेत जातो. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल आमच्या सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली होती. एवढ्या लांबच्या प्रवासात खोक्यातील एका फळाला लागलेली बुरशी शेजारच्या फळांवर आपले बीजाणू, म्हणजे आपली धुळीसारखी बी, सांडण्यासाठी पुरेसा वेळ मिळवते.

हे काम करणाऱ्या बुरशी फार वेगवेगळ्या नाहीत. पेनिसिलियमच्या निरनिराळ्या जाती सफरचंदावर आणि लिंबूवर्गीय फळांवर निळी-हिरवी बुरशी आणतात. द्राक्षावरची करडी लव बोट्रायटिसची असते. काळी भुकटी बहुधा ॲस्परजिलस नायजरची. आणि स्ट्रॉबेरीसारख्या मऊ फळाला एका रात्रीत पाण्यासारखे करून टाकणारी ती ऱ्हायझोपस. यांच्यापैकी बहुतेकांना अखंड साल भेदून आत जाणे अवघड असते. त्यांना जखम लागते, आणि जखमेतून पाझरणारा साखरेचा रस लागतो. तेवढे मिळाले की एका दिवसाच्या आसपास बीजाणू अंकुरतो.

रासायनिक बुरशीनाशके हे काम चोख करतात, हे मान्यच केले पाहिजे; मी त्यांना सरसकट विष म्हणणाऱ्यांपैकी नाही. पण थायाबेंडाझोल आणि इमॅझालिल वर्षानुवर्षे वापरल्यावर त्यांना न जुमानणारे पेनिसिलियम संत्र्या-लिंबांच्या पॅकहाऊसमध्ये तयार झाले, हेही तितकेच खरे आहे. दुसरी अडचण फळावर उरणाऱ्या रसायनाच्या अंशाची. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांची युरोपात जी अडवणूक झाली, ती आपल्या जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदार अजून विसरलेले नाहीत. ते बुरशीनाशक नव्हते, वाढनियंत्रक होते; तरीही काढणीच्या तोंडावर किंवा काढणीनंतर फळावर काही मारायचे म्हटले की लोक दहा वेळा विचार करू लागले, तो तेव्हापासून.

यीस्ट हीसुद्धा एकपेशीय बुरशीच आहे. शिंदी आंबते ती त्याच्यामुळे, पाव फुगतो तो त्याच्यामुळे, आणि पिकलेल्या फळाच्या सालीवर त्याच्या अनेक जाती मुळातच वस्तीला असतात. फळकुजीविरुद्ध वापरले जाणारे यीस्ट सहसा याच वस्तीतून निवडलेले असते. त्याची लढण्याची रीत मला फार आवडते, कारण तिच्यात मारामारी कमी आणि जागा अडवणे जास्त आहे. जखमेतील साखर आणि नायट्रोजन यीस्टच्या पेशी इतक्या वेगाने वापरतात आणि त्या जागी इतक्या दाट वाढतात की बुरशीच्या बीजाणूला अंकुरण्यापुरतेही अन्न मिळत नाही. बीजाणू आणि यीस्ट यांच्यामध्ये फक्त रस आरपार जाऊ देणारा पडदा ठेवला तरी बीजाणूंचे अंकुरणे घटते, आणि बाहेरून अन्न घातले की ते पुन्हा अंकुरू लागतात. म्हणजे अनेकदा कोणतेही विष लागत नाही, उपासमारच पुरते. मेश्निकोविया पुल्चेरिमा नावाचे यीस्ट तर लोहाची कोंडी करते. ते सोडत असलेले एक आम्ल आजूबाजूच्या लोहाला धरून ठेवते आणि त्यातून पुल्चेरिमिन नावाचे लालसर रंगद्रव्य तयार होते. लोह त्यात अडकून पडल्यामुळे बुरशीला ते मिळत नाही. यीस्ट वाढवण्याच्या पोषक माध्यमात लोह पुरेसे असेल तर काचेच्या प्लेटवर त्याच्या वसाहतीभोवती तांबूस रंग उमटतो, आणि विद्यार्थ्यांना स्पर्धा म्हणजे काय हे त्या एका प्लेटवरून जितके कळते तितके माझ्या तासभराच्या व्याख्यानाने कळत नाही. याशिवाय काही यीस्ट बुरशीच्या पेशीभित्तिका विरघळवणारी विकरे (एन्झाइम) सोडतात, काही बुरशीच्या तंतूंना चिकटून बसतात, आणि काहींच्या नुसत्या अस्तित्वाने फळाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी होते.

हे ज्ञान बाजारात कधीच उतरले आहे. इस्राएल आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मिळून शोधलेल्या कॅन्डिडा ओलिओफिला या यीस्टचे ‘अस्पायर’ नावाचे उत्पादन १९९५ साली अमेरिकेत नोंदले गेले. ते सफरचंदवर्गीय आणि लिंबूवर्गीय फळांसाठी होते, आणि थायाबेंडाझोलच्या कमी मात्रेबरोबर दिले तर त्याचे काम अधिक भरवशाचे होई. काही वर्षांनी ते बाजारातून गेले. इस्राएलमध्येच द्राक्षांवरून वेगळे काढलेल्या मेश्निकोविया फ्रुक्टिकोलापासून ‘शेमेर’ आले; युरोपात ऑरिओबॅसिडियम पुलुलान्स या यीस्टसदृश बुरशीची उत्पादने सफरचंदासाठी निघाली. या यादीकडे पाहिले की एक गोष्ट खटकते: प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेल्या यीस्टची संख्या प्रचंड, आणि दुकानात टिकून राहिलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. याला नफ्याचे गणित आणि नोंदणीचा खर्च ही कारणे आहेतच, पण टिकवण्याची अडचण त्यांच्या जोडीला कायम असते.

ती अडचण समजण्यासाठी शेतकऱ्यांच्या ओळखीच्या ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीकडे पाहावे. शेतकरी त्याची पुडी शेणखतात मिसळतात, ती पुडी कृषी सेवा केंद्राच्या फळीवर महिनोन् महिने असते, तरी बरेचदा ते काम करते. याचे कारण त्या पुडीत बुरशीचे बीजाणू असतात, आणि बीजाणू हा निसर्गाने कोरडे दिवस काढण्यासाठीच घडवलेला असतो. बॅसिलस जीवाणूचा बीजाणू तर त्याहूनही चिवट. फळावर मारायच्या यीस्टच्या पावडरीत मात्र त्याची नेहमीची, वाढणारी, कोवळी पेशी असते. तिच्या वजनाचा मोठा भाग पाण्याचा असतो. ते पाणी काढून घ्यायचे, आणि तरीही ती मरू द्यायची नाही, अशी ही कसरत आहे.

घरी मी हे समजावताना कडक भाकरीचा दाखला देते. आपली ज्वारी-बाजरीची कडक भाकरी महिना-महिना टिकते, कारण तिच्यात बुरशीला लागणारे पाणीच उरलेले नसते. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की ती मऊ पडते आणि मग तिलाही बुरशी लागते. यीस्टची पावडर टिकते ती त्याच नियमाने, आणि पुडी फोडून ठेवली की बिघडते तीही त्याच नियमाने. फरक एवढाच की भाकरी भिजवल्यावर तिने उठून कामाला लागावे, अशी आपली अपेक्षा नसते.

वाळताना पेशी मरते ती मुख्यतः तिच्या आवरणामुळे. पेशीचे आवरण स्निग्ध रेणूंचे बनलेले असते आणि त्या रेणूंना योग्य अंतरावर ठेवण्याचे काम पाणी करते. पाणी गेले की ते रेणू एकमेकांवर दाटतात, आणि पुन्हा पाणी मिळते त्या क्षणी आवरणाला गळती लागून आतला ऐवज बाहेर वाहून जातो. निसर्गाचा यावरचा उपाय म्हणजे ट्रेहॅलोज नावाची साखर. उपासमार किंवा उष्णता सोसावी लागली की यीस्ट ती स्वतःच साठवू लागते. पाण्याची जागा घेऊन ती आवरणाच्या रेणूंना आधार देते आणि पेशीभोवती काचेसारखा घट्ट थर करते. काचेसारखा म्हणजे नेमका कसा, ते चिक्कीच्या पाकावरून कळते: तो थंड आणि कोरडा असेपर्यंत कडक राहतो, आणि हवा दमट झाली किंवा उष्णता वाढली की मऊ पडून चिकटतो. सोलापूरच्या मे महिन्यात माझ्या कुपीत बहुधा तेच घडले. साखरेची काच मऊ पडली की थांबलेल्या रासायनिक क्रिया पुन्हा चालू होतात, आणि दुरुस्तीची यंत्रणा बंद असलेल्या पेशीला त्या सोसत नाहीत.

म्हणून यीस्ट टिकवण्याची तयारी ते वाळवण्याच्या आधीपासून करावी लागते. भरभर वाढत असलेल्या यीस्टपेक्षा अन्न संपत आल्यामुळे वाढ थांबलेले यीस्ट काढून घेतले तर त्याच्यात ट्रेहॅलोज अधिक असते. वाळवण्यापूर्वी त्यात साईविरहित दुधाची भुकटी, लॅक्टोज, सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज असे संरक्षक घालतात. गोठवून निर्वातात वाळवले तर बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन जातो आणि पेशींना उष्णता सोसावी लागत नाही. ही पद्धत चांगली, पण यंत्र महाग आणि वेळ फार. गरम हवेत फवारून वाळवणे स्वस्त पडते, दुधाची पावडर तशीच होते, पण त्या उष्णतेत यीस्ट मोठ्या संख्येने मरते. पावाचे दाणेदार यीस्ट कोमट हवेच्या झोतावर तरंगत ठेवून वाळवतात, आणि त्या यीस्टला पिढ्यान् पिढ्या त्यासाठीच निवडलेले असल्यामुळे ते तग धरते; फळावरून आणलेल्या रानटी यीस्टकडून तीच अपेक्षा ठेवता येत नाही. चौथी वाट म्हणजे वाळवायचेच नाही, साखर घातलेल्या द्रवात पेशी ठेवायच्या आणि तो द्रव ४ अंश सेल्सिअसच्या आसपास सांभाळायचा. शीतसाखळी असेल तिथे ही वाट मला सर्वात सरळ वाटते, पण ‘असेल तिथे’ हे दोन शब्द आमच्याकडे फार जड आहेत.

हे सगळे मी दिरांना त्यांच्या ओसरीवर बसून सांगत होते, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. “वहिनी, ही पावडर जिती हाय म्हणता, मग इतके दिवस खातीय काय?” मी म्हटले, “काहीच नाही, भाऊजी. ती झोपलेली असते, खाणे बंद, श्वास जवळजवळ बंद.” त्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “म्हंजे विरजणावानीच की. लई दिवस ठिवलं, उन्हात ठिवलं, की दही लागत न्हाई.” माझ्या साऱ्या व्याख्यानाचे सार त्यांनी दोन वाक्यांत सांगितले होते, आणि मला थोडा रागही आला.

जिवंतपणाचा हिशेब टाकीच्या पाण्यात कसा दिसतो, तेही त्यांना आकड्यांतच पटले. फळे बुडवायच्या पाण्यात दर मिलिलिटरला १ कोटी ते १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. समजा, आपण १ कोटीच धरले आणि टाकी १०० लिटरची आहे. पावडरीच्या एका ग्रॅममध्ये १,००० कोटी जिवंत पेशी असतील, तर १०० ग्रॅम पावडर पुरते. त्याच पावडरीतल्या दहापैकी नऊ पेशी मेल्या असतील, तर एक किलो लागते. पुडीवरची मात्रा मात्र तीच छापलेली असते, आणि शेतकरी ती बरोबर मोजून घालतो. मग फळे सडतात आणि तो म्हणतो की जैविकाचा काही उपयोग नाही. त्याचा अनुभव खोटा नसतो. त्याने मेलेल्या पेशींचे पाणी वापरलेले असते.

यीस्ट जिवंत आले तरी पॅकहाऊसमध्ये त्याला मारण्याचे प्रकार बरेच आहेत. पावडर थेट फ्रिजमधल्या गार पाण्यात टाकली तर भिजण्याच्या त्या पहिल्या क्षणांत आवरण गळते. पावाच्या यीस्टला जसे कोमट पाणी देतात तसे थोडे कोमट पाणी, शक्यतो किंचित दूध-पावडर घालून, आधी द्यावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी ते टाकीत मिसळावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी उघड्या पिंपात रात्रभर ठेवून घेतलेले बरे. पॅकहाऊसमध्ये फळे सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्याने धुतात, ती पायरी यीस्टच्या आधी यावी आणि मध्ये साध्या पाण्याने फळे निथळून घ्यावीत. एका पॅकहाऊसमध्ये वेळ वाचवण्यासाठी दोन्ही एकाच टाकीत घातलेले मी पाहिले आहे, आणि तिथे मला काही बोलायला सुचले नाही. तेल्यासाठी मारलेल्या मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचा निळसर थर फळावर उरला असेल तर त्यातील तांबेही पुष्कळ यीस्टना मानवत नाही. उलट कॅल्शियम क्लोराइड त्यांना साथ देते: ते बुरशीच्या बीजाणूंना अडवते आणि फळाच्या पेशीभित्तिकाही घट्ट करते.

वेळेचे बंधन तर सर्वात कडक आहे. यीस्ट पहारेकरी आहे, वैद्य नव्हे. बीजाणू अंकुरून तंतू आत शिरल्यावर ते काही करू शकत नाही, म्हणून काढणीनंतर जितक्या लवकर फळे बुडवली जातील तितके चांगले; दोन दिवस आडतीत पडून राहिलेल्या मालावर हा खर्च करू नये. त्याच कारणाने डाळिंबाच्या एका मोठ्या दुखण्यावर हा उपाय चालत नाही. फळ बाहेरून लालबुंद, टणक, देखणे, आणि कापले तर आत दाणे काळे पडलेले, हा अनुभव प्रत्येकाने घेतला आहे. ती अंतर्कूज बहुतेक वेळा अल्टरनेरिया किंवा ॲस्परजिलसची असते, आणि त्या बुरशी फूल उमललेले असतानाच त्याच्या वाटेने आत जाऊन बसलेल्या असतात. काढणीनंतर सालीवर लावलेले यीस्ट तिथे पोहोचण्याचा प्रश्नच नाही. आंब्याच्या करप्याचेही थोडेफार असेच: बुरशी कोवळ्या फळाच्या सालीत शिरून दबून राहते आणि फळ पिकताना डोके वर काढते. तिथे ५२ अंशांच्या गरम पाण्याची प्रक्रिया अधिक उपयोगी, यीस्ट लावायचे असेल तर तिच्यानंतर. विक्रेत्याने ‘सर्व प्रकारच्या कुजीवर’ असे म्हटले की मी पुडी खाली ठेवते.

साठवणीचे तापमान हा यीस्टच्या बाजूचा मुद्दा आहे. डाळिंब ५ अंशांच्या खाली फार दिवस ठेवले तर गारठ्याने सालीवर तपकिरी डाग पडतात, म्हणून ते ५ ते ७ अंशांत ठेवतात. या तापमानात बुरशीची वाढ मंदावते, पण थांबत नाही. निवडलेले यीस्ट याच तापमानात वाढणारे असेल तर त्याला आघाडी मिळते. म्हणून यीस्ट निवडताना आम्ही दोन प्लेट ठेवतो, एक फ्रिजमध्ये आणि दुसरी ३७ अंशांना. फ्रिजमध्ये वाढावे आणि ३७ अंशांना, म्हणजे माणसाच्या शरीराच्या तापमानाला, वाढू नये, अशी अपेक्षा असते. खायच्या फळावर लावायच्या जीवाबाबत ही खबरदारी आवश्यक आहे. दिरांच्याच बागेतील फळांच्या सालीवरून आम्हाला मिळालेल्या यीस्टपैकी गुलाबी वसाहती दिसायला सर्वात सुंदर होत्या, पण या दोन्ही चाचण्यांत उतरली ती एक साधी, दुधाळ रंगाची वसाहत. तिला आम्ही ‘सां-४’ म्हणतो. कपाटात मेले ते हेच.

सुदैवाने ग्लिसरॉलमध्ये गोठवलेली त्याची मूळ प्रत शाबूत होती. तिच्यापासून पुन्हा वाढवून, वाढ थांबल्यावर काढून, दूध-पावडर आणि साखर घालून नवी पावडर केली आहे, आणि या वेळी तिच्या तीन वाटण्या केल्या आहेत. एक फ्रिजमध्ये, हवा काढून बंद केलेल्या पाकिटात. दुसरी तशाच पाकिटात, पण कपाटाच्या त्याच वरच्या खणात. तिसरी साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत, दिरांच्या ओळखीच्या एका कृषी सेवा केंद्राच्या फळीवर, बाकीच्या औषधांच्या रांगेत. दुकानदाराने ती चुकून विकू नये म्हणून तिच्यावर लाल शाईने फुली मारली आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी विद्यार्थी तिन्हींमधून चिमूटभर पावडर आणतात, निळ्या आणि रंगहीन पेशी मोजतात आणि प्लेटवर वसाहती येऊ देतात. हस्त बहाराची, म्हणजे पावसाळा सरताना फुललेली, फळे उतरतील तेव्हा ज्या पुडीत सर्वात जास्त रंगहीन पेशी उरल्या असतील ती टाकीत जाईल, तीन क्रेट यीस्टच्या पाण्यातून आणि तीन नुसत्या पाण्यातून काढले जातील, आणि सहाही क्रेट दिरांच्या शेडमध्ये शेजारी-शेजारी ठेवले जातील. दुकानातल्या पुडीत दुसऱ्याच महिन्यात निळ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, तेव्हा दिरांनी दुकानदाराला फोन करून विचारले की दुकानात फ्रिज आहे का; आहे, असे तो म्हणाला, पण त्यात थंड पेयाच्या बाटल्या असतात.